तोरणातली दुसरी जागा

पोळा तीन दिवसांवर आला आणि चंपतच्या मोटारीला खोकला लागला.

जऊळक्याच्या स्टेशनावर वांग्या-दोडक्यांच्या पाट्या आगगाडीत चढवून तो गावाकडे परत येत होता. सकाळी झड पडून गेली होती आणि काळ्या मातीचा रस्ता चाकांना सोडायला तयार नव्हता. ओढ्याचा चढ आला तशी मोटारीची लय बिघडली. चार ठोक्यांतला एक ठोका ती गिळायची, मग दोन गिळायची, मग मागून फाटकन आवाज काढून काळा धूर सोडायची. चंपत दात आवळून बसला. अर्ध्या चढावर मोटार थांबली ती थांबलीच.

वरून इंद्रभानची बैलगाडी उतरत होती. इंद्रभान चंपतचा चुलतभाऊ. मळ्याला मळा लागून, विहीर दोघांची सामाईक, पण मोटेला बैल आता एकाचेच. त्याने कासरा ओढला आणि गाडीवर बसूनच मोटारीकडे पाहिलं.

"काय गा चंपत, दमला काय तुहा बैल?"

"पलग खराब झाले, ठिणगी पडत नाई. थंडी झाली का चालते."

"थांब, माही जोडी जुपतो. घरापावतर वढून नेतो."

"नको."

"काहून लाजतं? उन्हाळाभर तुह्या मळ्याले पाणी याईनंच तं देल्लं."

बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच ते चंपतला जास्त लागलं. तो खाली उतरला आणि हँडल घालून फिरवू लागला. तळहाताची साल निघाली तरी फिरवत राहिला. इंद्रभान गेला नाही. बिडी ओढत निवांत बघत बसला. शेवटी मोटार तीन ठोक्यांवर कशीबशी सुरू झाली आणि लंगडत चढ चढून गेली.

ही मोटार काही हौसेने आली नव्हती. मागच्या पावसाळ्यात चंपतचा हरण्या बैल रोग येऊन एका दिवसात गेला. जोडीचा पाखऱ्या चाऱ्याला तोंड लावेना. एकट्या बैलाला कोण जुपतो? चंपतने त्याला केनवडच्या बाजारात विकला, बायकोचे चार दागिने घातले आणि वाशीमच्या एका वकिलाने टाकून दिलेली जुनी मोटार घरी आणली. भाजी ताजी असताना स्टेशनावर पोचू लागली, घर तगलं. पण म्हाताऱ्या सोजरबाईने, चंपतच्या आईने, त्या मोटारीत कधी पाय ठेवला नाही. पाटी डोक्यावर घेऊन ती बाजाराला पायी जायची आणि लेकाची मोटार तिच्या अंगावर चिखल उडवत पुढे जायची. चंपत थांबला तर ती वळूनसुद्धा पाहायची नाही. मोटार गोठ्यात उभी राहायची, हरण्या-पाखऱ्याच्या गव्हाणीकडे तोंड करून. तेव्हापासून सोजरबाई गोठ्यात गेलेली नव्हती.

त्या संध्याकाळी पारावर पोळ्याची बैठक भरली. मधे बापूराव पाटील बसले होते. कोणाचे ढोल, कोण पताका लावणार, सगळं ठरलं. मग इंद्रभानने घसा साफ केला.

"पाटील, तोरणात दुसऱ्या जागेवर यंदा कोण?"

कुठल्याही गावात पोळ्याला पहिला मान पाटलाच्या बैलांचा असतो. या गावात दुसरा मान माळ्याच्या घराचा होता, कारण तोरणाची फुलं आणि आंब्याचा डहाळा त्याच घरातून यायचा. चंपतचा आजा तिथे उभा राहिला, बाप उभा राहिला. गावात या घराची जमीन थोडी, बोलणं थोडं, पण वर्षातून एक दिवस सारं गाव त्यांच्या मागे उभं असायचं.

"चंपतची जागा हाय ते," कोणीतरी म्हणालं.

"जागा बैलाची असते," इंद्रभान म्हणाला. "त्याचे बैल कुठी हायेत? फुलं मी बी आणीन. मी बी त्याच घरचा. पाणी माह्या बैलानं वढलं, मान बी माह्या बैलाचा."

पाटलांनी चंपतकडे पाहिलं. "बोल गा. जोडी उभी करतं काय कोणाची उसनी आनून?"

"उसनी नाई. माही मोटार उभी करतो."

पार हसला. पोरं तर लोळायचीच बाकी राहिली. पाटील मात्र हसले नाहीत. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"हसू नोका. याच्या घराले ते मोटार पोसते, तं तेच याचा बैल. पण आयक चंपत, बैल सोताच्या पायानं तोरणाखालून जाते. तुह्या मोटारीनं बी तसंच जावं. मानसाईनं ढकलत आनली तं ते मढं, आन मढ्याले पोळ्यात जागा नाई. मंग ते जागा इंद्रभानची, आन कायमची. पुढच्या साली भांडाले येऊ नोको."

"नाई येनार," चंपत म्हणाला.

घरी आला तेव्हा सोजरबाई ओसरीवर भेंड्या निवडत बसली होती. बातमी त्याच्या आधी घरी पोचली होती.

"मोटार उभी करनार म्हनते तोरणात," ती भेंड्यांशी बोलल्यासारखी म्हणाली. "तिले शिंग कुठी रंगवसान?"

"माय, जागा सोडू काय मंग?"

ती खालमानेने भेंड्यांची देठं मोडत राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच चंपत गोठ्यात शिरला. मोटारीच्या तोंडावरचं झाकण त्याने एका बाजूने उचललं. यंत्राच्या माथ्यावर चार पलग ओळीने उभे होते, प्रत्येकाचा पांढरा चिनी मातीचा गळा आणि वर बांधलेली तार. आतल्या पेट्रोलला ठिणगी द्यायची ती यांनी. बायको अंजना राखेचे हात पुसत मागे येऊन उभी राहिली.

"मी काय करू?"

"मी सांगन तवा हँडल मार. सुरू झाली का बाजूले हो."

अंजना हाडापेराने मजबूत होती, आणि मोटेचा नाडा ओढून हाताला घट्टे पडलेले. तिसऱ्या फेऱ्याला मोटार लंगडत सुरू झाली. चंपतने लाकडी मुठीचा पेचकस घेतला. त्याचं टोक पहिल्या पलगच्या डोक्याला लावून दांडा यंत्राच्या लोखंडाला टेकवला. त्या पलगची ठिणगी मधल्यामधे जिरली आणि मोटार आणखी लडखडली.

"आवाज बदलला," अंजना म्हणाली.

"म्हंजे हा जिवंत हाय. हा काम करून राह्यला."

दुसऱ्याला लावलं, पुन्हा लडखडली. तिसऱ्याला लावलं, काहीच फरक पडला नाही. चौथ्याला लावलं तर जेमतेम. चंपतने मोटार बंद केली, जरा निवू दिली आणि पाना लावून ते दोन्ही पलग काढले. तिसऱ्याच्या चिनी मातीला बारीक काळी चीर गेली होती. चौथ्याची टोकं झिजून झिजून बोथट झाली होती आणि मधली फट इतकी वाढली होती की ठिणगीला उडी मारवेना. बाकीचे दोन काळ्या काजळीने माखलेले होते, पण टोकं शाबूत होती. रॉकेलमधे भिजवून, काचकागदाने घासून ते दोन उजळून निघाले. चिरलेला आणि झिजलेला मात्र कितीही घासून उपयोगाचे नव्हते. चंपतने ते दोन्ही चिंधीत बांधून ठेवले. अंजनाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुन्हा कामाला गेली.

ओसरीच्या कोपऱ्यावरून सोजरबाई हे सगळं बघत होती. गोठ्यात मात्र आली नाही.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, चंपत जऊळक्यापर्यंत चालत गेला आणि आगगाडीने वाशीमला पोचला. वाशीमला बाबूलाल नावाचा म्हातारा ड्रायव्हर होता. उतारूंची सर्व्हिस मोटार चालवायचा, चंपतला मोटार शिकवली ती त्यानेच. बाबूलालने चिरलेला पलग उजेडात धरला आणि जीभ टाळूला लावून चुकचुक केलं.

"ये तो गया. पन पोळ्याले मोटार कायले लागते तुले? आराम कर ना."

चंपतने सांगितलं. सांगताना त्याला वाटलं, हाही हसणार. बाबूलाल हसलाच, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग उठला, आपल्या मोटारीच्या सीटखालची पत्र्याची पेटी उघडली आणि तेलकट कागदात गुंडाळलेले दोन नवे पलग चंपतच्या हातावर ठेवले.

"काय देऊ याचं?"

"चूप बे. पोळ्याले बैलवाल्याले बोजाऱ्याचे पैसे देतेत ना? हा माह्याकडून तुह्या बैलाचा बोजारा." आणि निघताना त्याने पुन्हा हाक मारली. "देख चंपत, फट ठेवजो पत्त्याच्या पानाएवढी. आन डोकं कोरडं ठेवजो. पानी लागलं का ठिणगी बाहेरूनच लोखंडात पळते, आत जात नाई. बारिश के दिन हय."

चंपत परतला तेव्हा दिवस कलला होता आणि घरोघर चुली पेटल्या होत्या. त्या संध्याकाळी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून बैलाच्या खांद्याला घट्टा पडतो. तो खांदा कोमट पाण्याने शेकायचा, पळसाच्या पानाने तूप-हळद चोळायची आणि बैलाच्या कानाशी उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. गल्लीत तुपाचा आणि ओल्या जनावरांचा वास भरला होता. चंपत त्या वासातून मान खाली घालून आपल्या रिकाम्या गोठ्याकडे गेला.

त्याने पत्त्याचं पान घालून फट बघितली, हलक्या हाताने ठोकून टोकं बेताने जवळ आणली आणि पलग बसवले. अंजनाने हँडल मारलं. पहिल्याच फेऱ्याला मोटार सुरू झाली आणि चारही ठोके एकामागून एक असे पडू लागले की अंजना खुदकन हसली. चंपतला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की त्याने मोटार उगाच दुप्पट वेळ चालू ठेवली. मग बंद केली आणि आंब्याचा डहाळा आणि झेंडूची फुलं आणायला मळ्याकडे निघाला. तो मान त्याचाच होता, निदान उद्यापर्यंत. अंजनाही फुलं तोडायला बरोबर गेली. घरी म्हातारी एकटीच होती.

पोळ्याच्या दिवशी उघाड पडली. सकाळी गावचे बैल ओढ्यावर धुतले गेले, शिंगं रंगली, झुली चढल्या. चंपतने स्वतः दोन खांबांना दोर ताणून तोरण बांधलं. बांधताना खालून इंद्रभान गेला. त्याच्या बैलांच्या पाठीवर नव्या झुली होत्या.

"चांगलं बांधजो गा," तो म्हणाला. "माह्या बैलाईच्या शिंगाले अडकाले नाई पाह्यजे."

दुपार कलली आणि ढोल वाजले. बैल एकेक करून पाराच्या दिशेने निघाले. चंपत घरी आला. अंजनाने मोटार धुऊन पुसून चकचकीत केली होती, दिव्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. आत चुलीवर पुरणपोळ्या होत होत्या. चंपतने स्वच्छ धोतराचा काचा खोचला, हँडल घातलं आणि फिरवलं.

काही नाही.

पुन्हा फिरवलं. आत नुसती हवा ओढल्याचा आवाज आला. पुन्हा, आणि पुन्हा. घाम त्याच्या कपाळावरून नाकाच्या शेंड्यावर आला. पाराकडून ढोलाचा जोर वाढला.

"तू धुताना झाकण उघडलं काय वं?"

"आईशप्पथ नाई," अंजना दारातून म्हणाली. तिच्या हातात उलथनं होतं. "वरूनच पुसलं. डोक्याले हात बी नाई लावला."

चंपतने झाकण उचललं आणि त्याच्या हातातलं हँडल खाली पडलं. चारही पलग पिवळे होते. चिनी मातीवर हळदीचा ओला लेप, तारांच्या सांध्यात तुपाचे गोळे, खाचांत पाणी साचलेलं, आणि मधे सुकत चाललेलं एक पळसाचं पान.

बाबूलालचं बोलणं त्याला आठवलं. मग पारावरचं हसू आठवलं. बैल म्हणतो ना मोटारीला, घे मग हळद! त्याने खालचा पाना उचलला. तो दाराकडे वळला.

"कुठी चाल्ले?" अंजना ओरडली.

"इंद्रभानकडं. आज त्याले ठेवत नाई. माह्या घरात घुसून माही मस्करी करते!"

गोठ्याच्या दारात सोजरबाई उभी होती. वर्षभरात पहिल्यांदा तिने तो उंबरा ओलांडला होता, की काल संध्याकाळीच ओलांडला होता, ते चंपतच्या अजून ध्यानात आलं नव्हतं.

"इंद्रभानले काहून मारतं?" ती म्हणाली. "म्या केलं थे."

"तू?"

"म्या."

चंपतच्या तोंडून नको तेच बाहेर पडलं. "एवढा राग हाय तुले त्याचा? जागा गेली तं चालन, पन मोटार नाई पाह्यजे? बैल मीनं मारला काय, माय? मीनं मारला काय हरण्याले?"

म्हातारीने पदराचं टोक मुठीत धरलं.

"राग कायचा रे. काल समद्या गल्लीत खांद शेकून राह्यले व्हते. माह्याच घरी चुलीवर पाणी नाई. म्हटलं, वर्सभर वझं तं यानंच वाह्यलं. आता याचा खांदा कुठी असते, मले काय ठाऊक? तू दोन दिसापासून तिथंच हात लावत व्हता, तिथंच घासत व्हता. म्हटलं, तिथंच दुखत असन त्याले."

पाना चंपतच्या हातात तसाच राहिला. पाराकडे ढोल वाजत होते. आईवर ओरडलेले शब्द त्याला गिळून टाकावेसे वाटले, पण ते आता बाहेर पडले होते.

"आवतन बी देल्लं म्या," ती हळूच म्हणाली. "उद्या जेवाले ये म्हटलं."

"माय, पाण्यानं त्याची ठिणगी जिरली," चंपत म्हणाला. "पुसा लागन."

पण हात पुढे होईना. खांदशेकणीची हळद पोळा फुटेपर्यंत कोणी पुसत नाही. बैल ती अंगावर घेऊनच तोरणाखालून जातो. पुसणं म्हणजे घरच्या जनावराचं वाईट चिंतणं. अंजनाही जागची हलली नाही.

सोजरबाईच पुढे आली. तिने आपल्या लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळला, पहिल्या पलगला लावला आणि एखाद्या लेकराचं नाक पुसावं तशी हळद पुसू लागली.

"मीनंच लावली, मीच पुसते. माहा दोष मले. तू तुहं काम कर."

मग सगळे हात एकदम चालू लागले. चंपतने चारही पलग काढले. बाहेरून पुसले तरी सांध्यांत ओल होतीच. अंजनाने ते ओच्यात घेतले आणि चुलीकडे धावली. तव्यावरची पुरणपोळी उलथून बाजूला टाकली आणि गरम तव्यावर चारही पलग ठेवले. तूप चुरचुरलं, हळद करपली. चंपत चुलीपाशी उकिडवा बसून चिमट्याने ते पालथे करत होता आणि कान पाराकडे होता. ढोल थांबले म्हणजे पाटलांची जोडी तोरणासमोर आली असं समजायचं. ढोल अजून वाजत होते. मिनिट मिनिट त्याला घटकेसारखं जात होतं.

गरम पलग फडक्यात धरून त्याने बसवले, तारा जोडल्या. हँडल फिरवलं. मोटार शिंकली. पुन्हा फिरवलं, आणि ती धडधडून सुरू झाली.

पाराशी पोचला तेव्हा ओळ लागून गेली होती. पहिल्या जागेवर पाटलांची पांढरी जोडी, आणि तिच्या मागे दुसऱ्या जागेवर इंद्रभान. मोटारीचा आवाज ऐकून बैल बिथरले. कोणी दावं ओढलं, कोणी शिवी दिली.

"आलो व्हय मी," चंपत ओरडला. "जागा दे."

इंद्रभानने पाटलांकडे पाहिलं. पाटलांनी मान हलवली. इंद्रभान चरफडत जोडी मागे घेऊन उभा राहिला आणि चंपतने मोटार त्या जागेत घातली. पाटलांचे बैल पुढे उसळायला लागले.

"बंद कर ते!" पाटील म्हणाले. "बैल उधळतीन. तोरण फुटलं का सुरू कर."

"पाटील, आता चालू हाय ना."

"बंद कर म्हनतो."

चंपतने बंद केली. यंत्र तापलेलं होतं आणि झाकणाच्या फटींतून तुपाचा, हळदीचा वास येत होता. मागची माणसं हसली. "पुरनपोळी शिजून राह्यली काय रे आत?" चंपत मात्र वाकून झाकणाच्या फटीकडे पाहू लागला. म्हणजे कुठेतरी तूप राहिलंच होतं आणि आता ते वितळून खाली उतरत होतं.

तोरण फुटलं. डहाळे खाली पडले, आरडाओरडा झाला आणि पाटलांची जोडी झेप घेऊन पुढे गेली. चंपतने हँडल घातलं. एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं. काही नाही.

"चाल गा!" मागून आवाज आला. "मढं हाय का बैल?"

चंपतने झाकण उचललं. दुसऱ्या पलगवर पिवळा ओघळ चकाकत होता. तार काढून तो धोतराच्या सोग्याने पुसू लागला. बोटं पोळली.

"झालं तुहं," इंद्रभान म्हणाला. "हट बाजूले, माहे बैल थांबत नाई." आणि त्याने कासरा डावीकडे ओढला. मोटारीला वळसा घालून पुढे जायला तेवढी वाट होती. बैल वळलेच होते, तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून एक म्हातारी बाहेर आली आणि त्यांच्या शिंगांपुढे उभी राहिली.

"माय, सरक!" चंपत किंचाळला.

सोजरबाई सरकली नाही. तिने डाव्या बैलाच्या कपाळावर हात ठेवला. उन्हाळाभर हेच बैल विहिरीवर मोट ओढत होते. इंद्रभान झाडाखाली पडलेला असायचा, आणि दर मोटेला बैलांच्या उतरत्या धावेच्या टोकाशी हिरव्या घासाची पेंढी घेऊन ही म्हातारी उभी असायची. पाण्यासाठी घर दुसऱ्याच्या बैलांवर आलं होतं, पण ज्यांनी पाणी ओढलं त्यांना उपाशी ठेवायला तिचं मन धजलं नव्हतं. बैलाने तिचा तळहात हुंगला. मग आपलं मोठं, रंगवलेलं तोंड तिच्या पोटाशी घासलं आणि उभा राहिला. दुसराही उभा राहिला.

"हो, चाल!" इंद्रभानने कासरा झटकला. बैल हलले नाहीत. त्याने चाबूक उचलला, आणि पोळ्याच्या दिवशी, साऱ्या गावासमोर, बैलावर चाबूक उगारलेला तो हात त्याचा त्यालाच दिसला. त्याने तो खाली घेतला.

"थांब बापा," सोजरबाई बैलाला म्हणत होती. "तुहाच भाऊ हाय पुढं. त्याले जराशी येळ लागते."

चंपतने तार जोडली, हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि सगळं अंग त्यात घातलं. मोटार शिंकली, काळा धूर ओकली आणि धडधडू लागली. एक, दोन, तीन, चार. पूर्ण चार ठोके. तो उडी मारून बसला आणि मोटार तोरणाच्या खांबांमधून, पडलेल्या झेंडूवरून, स्वतःच्या पायांनी पलीकडे गेली. पाटलांनी पुढून वळून पाहिलं आणि फेटा सारखा केला. मागून म्हातारीने बैलांच्या कपाळावरचा हात काढला, तेव्हा कुठे इंद्रभानची जोडी निघाली.

संध्याकाळी बैल घरोघर परतले. दारात थांबवून त्यांचे पाय धुतात, कुंकू लावतात आणि पुरणपोळी भरवतात. चंपतने मोटार दारात आणून उभी केली. सोजरबाई तांब्या आणि ताट घेऊन बाहेर आली. तिचा पदर पिवळा, करपलेल्या तुपाने डागाळलेला तसाच होता. तिने पुढच्या दोन्ही चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. मग पुरणपोळी हातात घेऊन ती मोटारीपुढे घुटमळली. हात पुढे केला आणि मागे घेतला.

"चंपत," ती म्हणाली, "याचं तोंड कुठी असते? आता ईचारूनच हात लावते बापा."

चंपत खाली उतरला. त्याने पुढचं पितळी बूच फडक्यात धरून हळूच फिरवलं. आतून वाफेचा फुसकारा निघाला. वाफ निघून जाईपर्यंत तो थांबला, मग त्याने आईचा हात धरून तांब्यासकट तिथे नेला.

"हे तोंड. पोळी नाई खात. अथून पाणी पेते."

सोजरबाईने पोळी ताटात परत ठेवली. तांब्या कलता केला आणि बारीक धार धरली. मोटार गटागट पाणी पीत राहिली. तिचा दुसरा हात नकळत त्या गरम पत्र्यावर गेला आणि पोळला तरी तिथेच राहिला.

"पे," ती म्हणाली. हरण्याला म्हणायची तशीच म्हणाली. "सावकास पे. लय दमला असशीन."